एप्रिल ते जून, एक घर वजा

घर भाड्याने मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, घरात माणसं किती तेही विचारलं नाही. दारातच उभं ठेवून म्हणाले, "तुमच्या घड्याळात किती वाजले?"

"सहा दहा."

"आणि खरे किती?"

मी मनात हिशेब केला. मग म्हणालो, "सहा सहा. दर रविवारी रेडिओच्या वेळेला लावून घेतो. आठवडाभरात चारेक मिनिटं पुढे जातं. आज शनिवार आहे."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. "या, बसा. घड्याळ पुढे असलं तरी चालतं हो. किती पुढे आहे ते ठाऊक असलं म्हणजे झालं." आणि आत तोंड करून ओरडले, "चहा टाक वं! भाडेकरू भेटला."

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "भेटला का? मागच्या दोघायले तं तुमी घड्याळावरूनच हाकललं."

नागपूरच्या रामदासपेठेतल्या त्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको पुढे बरीच वर्षं राहिलो. घरमालक कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. मी त्यांना सर म्हणत असे, इथेही सरच म्हणतो. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी एका सरकारी कचेरीत हिशेब तपासण्याच्या कामाला होतो. दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका काढणं हा माझा धंदाच, त्यामुळे सरांचं आणि माझं जमलं असावं. माझ्या बायकोचं मत वेगळं होतं. ती म्हणे, "दोघेही सारखेच चक्रम, म्हणून जमलं."

सरांकडे स्वतःचं घड्याळ नव्हतं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं एक होतं, ते चुंबकाच्या संगतीने बिघडलं. नंतर घेतलेली दोनही तशीच बिघडली. त्यांच्या टेबलावर, खिडकीत, पलंगाखाली, जिथे तिथे लोहचुंबक पडलेले असत. इतवारीतल्या भंगारवाल्याकडून ते फुटके लाउडस्पीकर आणत आणि त्यातले चुंबक काढून घेत. काकूंच्या केसांच्या आकड्या, सेफ्टी पिना, सुया, जे काही लोखंडाचं हरवेल ते संध्याकाळी त्या टेबलावर सापडे. दिवेलागणीला काकू टेबलापाशी येत, बोरीवरून बोरं तोडावीत तशा आकड्या चुंबकावरून तोडत आणि म्हणत, "घरात चोर पाळला आहे बाप्पा."

या चुंबकांचं कारण होता एक काळा तुकडा. त्याला हॉल सेन्सर म्हणतात. मसुराच्या डाळीएवढा जीव, खाली तारेचे तीन पाय. त्याच्याजवळ चुंबक नेला की त्यातून निघणारा विजेचा दाब बदलतो. चुंबक जितका जवळ, तितका बदल जास्त. एवढीच त्याची विद्या. पण सरांचं म्हणणं असं की एवढ्या विद्येवर जगातली निम्मी मोजमापं होतात. पाण्याची उंची, वाऱ्याचा वेग, दार किती उघडं आहे, पंखा किती फिरतो, वजन किती भरलं. हलणाऱ्या वस्तूला चुंबक लावा, न हलणाऱ्या वस्तूला हा तुकडा लावा, तारा एका काट्याच्या मीटरला जोडा, झालं. परदेशात स्थायिक झालेला त्यांचा एक विद्यार्थी सुट्टीत आला तेव्हा त्याने सरांना अशा तुकड्यांचं एक पाकीट दिलं होतं. सर ते पाकीट देव्हाऱ्यात ठेवत. काकूंची हरकत नव्हती. "बाकीचे देव तरी काय करून राहिले?" असं त्या म्हणत.

कॉलेजात एक विलायती मोजयंत्र होतं. ते काचेच्या कपाटात कुलपात असे आणि विद्यार्थ्यांना काचेतूनच दाखवलं जाई. सरांनी मग प्लॅस्टिकच्या साबणाच्या डब्यांत आपली मोजयंत्रं बसवली. दर टेबलाला एक. एका डबीचा खर्च सिनेमाच्या दोन तिकिटांइतका. पोरं ती डबी उघडत, मोडत, पुन्हा जोडत. एकदा कॉलेजची तपासणी करायला समिती आली. तिच्यातल्या एका गृहस्थांनी टेबलांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "इन्स्ट्रुमेंट्स कुठे आहेत?"

"ही काय," सर म्हणाले.

"या साबणाच्या डब्या आहेत."

"साबण काढलाय त्यातला."

समितीने 'उपकरणांचा अभाव' असा शेरा मारला. प्राचार्य चिडले. सर घरी आले ते हसतच. मला म्हणाले, "त्या माणसाचं शून्यच वर सरकलेलं आहे. तो काय वाचणार?"

शून्य हा त्यांचा आवडता शब्द होता. 'आधी शून्य' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की आता ते माझ्याही तोंडी बसलंय. त्याचा अर्थ साधा आहे. काहीही मोजण्याआधी, काहीच नसताना काटा कुठे उभा आहे ते पाहायचं. तो शून्यावर नसेल तर खालचा छोटा स्क्रू फिरवून शून्यावर आणायचा, मगच मोजायचं. किराणा दुकानातही तराजूची रिकामी पारडी सरळ आहेत की नाही हे पाहिल्याशिवाय ते साखर घेत नसत. दुकानदार त्यांना पाहिलं की न सांगता पारडी पुसायला घेई. कुणी कुणाची तक्रार घेऊन आलं तरी ते आधी विचारत, "त्याच्याबद्दल तुझं आधीचं मत काय होतं?" आणि मग म्हणत, "तेवढं वजा कर आणि मग सांग."

आकडा मनासारखा आला की ते शीळ घालत. ती शीळ फार वाईट होती. तिला सूर नव्हता, ठेका नव्हता, नुसती हवा होती. काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "अवो, कुकर झाला का तुमचा?" कॉलेजात ते पुस्तकी मराठी बोलत, आमच्याशीही बहुतेक तसंच. पण काकूंशी बोलताना, किंवा फार आनंद, फार राग झाला की, ते आपल्या गावच्या बोलीवर येत. त्यावरून त्यांचं मन कुठे आहे ते कळे.

काकू भिवापूरच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. माहेराहून दर वर्षी मिरचीचं पोतं येई आणि गच्चीवर वाळत पडे. मिरची पुरती वाळली की नाही हे ठरवण्यावरून दोघांचं ठरलेलं भांडण होतं. सरांनी त्यासाठी एक तराजू केला होता. स्प्रिंगला टांगलेली परडी, तिच्या बुडाला चुंबक, खाली साबणाची डबी. रोज तीच परडी मोजायची; वजन घटायचं थांबलं की मिरची वाळली. काकू एक मिरची उचलत, कानाशी नेऊन हलवत आणि आत बी खुळखुळलं की म्हणत, "वाळली."

"थांब वं. काटा अजून उतरून राहिला."

"तुमच्या काट्याची वाट पाहिली तं चटणी दिवाळीत होईन."

"आणि बुरशी लागली मग?"

"तिखटाला बुरशी लागन तं मले सांगजा. मी भिवापूरची आहो."

दोन दिवसांनी काटा थांबे. सर शीळ घालत खाली येत. तोवर काकूंची निम्मी मिरची कुटून झालेली असे.

आता एका कागदाची गोष्ट सांगतो.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सरांनी एक तरंगता डबा सोडला होता. डब्याला चुंबक आणि नळीत हॉल सेन्सर. त्याचा एक काटा त्यांच्या स्वयंपाकघरात आणि एक आमच्याकडे. काट्याखाली दहा घरं आखलेली. टाकीत किती पाणी आहे ते वर न चढता समजे. हिवाळ्यात ते उत्तम चाललं. मग मे महिन्यात एका दुपारी माझी बायको काट्याकडे पाहून, पाणी आहे असं समजून, डोक्याला शिकेकाई लावून बसली आणि नळ कोरडा. तिचा आवाज खालपर्यंत गेला. सर वर आले. त्यांनी टाकी पाहिली, काटा पाहिला, कपाळावर हात मारला.

"चूक माझी. हा तुकडा उन्हाला भितो. गरमी वाढली की काट्याला आपोआप वर सरकवतो. चुंबक जवळ नसला तरी जवळ आहे म्हणतो. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याची साक्ष घ्यायची नसते."

"मग आता मी डोकं कशाने धुऊ?" बायकोने विचारलं.

काकूंनी खालून दोन बादल्या पाठवल्या. सरांनी संध्याकाळी दोन्ही काट्यांशेजारी कागद चिकटवला. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'एप्रिल ते जून, एक घर वजा करणे.' मी म्हणालो, "सर, यंत्रच दुरुस्त का नाही करत?" ते म्हणाले, "दुरुस्त करायला दुप्पट खर्च येतो. कागद फुकट आहे. चूक किती ते ठाऊक असलं की ती चूक राहत नाही."

तो कागद पुढे पिवळा पडला, कडा सुटल्या, पण निघाला नाही. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की एप्रिल उजाडला की काट्याकडे पाहताना मनातल्या मनात एक घर वजा होई.

काकू आजारी पडल्या त्या दिवाळीनंतर. पोटाचं दुखणं होतं. डिसेंबरात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की अजून एक ऑपरेशन करावं लागेल, त्याशिवाय उपाय नाही. पण आत्ताच्या अंगात ते झेपणार नाही. खाऊ-पिऊ घाला, वजन वाढवा. बेचाळीस किलो झालं की घेऊन या. काकू तेव्हा अडतीस किलोंच्या होत्या. ज्या बाईच्या हातात बांगडी चढवताना कासारणीला साबण लावावा लागे, ती बाई अडतीस किलोची झाली होती.

घरी आणल्यावर काकूंना उभं राहून काट्यावर चढणं जमेना. सरांनी मग खाटच तराजू केली. इतवारीत एक टांगा मोडीत निघाला होता त्याच्या पोलादी पट्ट्या आणल्या, खाटेचे चारही पाय त्या पट्ट्यांवर ठेवले, प्रत्येक पट्टीला चुंबक, प्रत्येकीखाली साबणाची डबी. चारही डब्यांच्या तारा एका मोठ्या मीटरला. मीटर खाटेसमोरच्या भिंतीवर, सरांच्या खुर्चीतून दिसेल असा. आकडे आखण्यासाठी किराणावाल्याची वजनं आणली, ती पुरली नाहीत तेव्हा मला खाटेवर झोपवलं. काकू खुर्चीत बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, हालू नका. नाही तं मास्तर तुमाले नापास करतीन."

पहिल्या दिवसांत सगळं रीतीप्रमाणे चाललं. सकाळी सर काकूंना उचलून खुर्चीत बसवत. रिकाम्या खाटेचं शून्य पाहत. काटा जरा इकडेतिकडे असला तर स्क्रूने जागेवर आणत. मग त्यांना परत खाटेवर निजवत आणि वजन वाचत. कधी मी हाताखाली असे. थंडीत काटा अडतीसच्या आसपास हलत राहिला.

शिमग्याच्या सुमारास दुखणं वाढलं. उचलताना काकू कळवळू लागल्या. ओठ दाबून धरत, पण घशातून आवाज निघेच. एका सकाळी मी मदतीला गेलो तर सर म्हणाले, "आज नको. राहू द्या तिला."

"आणि शून्य?" मी विचारलं.

"शून्य कुठे पळून जातंय? पोलाद आहे ते."

त्या दिवसापासून काकूंना खाटेवरून उचलणं बंद झालं. अंग पुसणं, वेणी घालणं, चादर बदलणं, सगळं खाटेवरच, सर आणि माझी बायको मिळून करत. काटा मात्र रोज वाचला जाई. आणि काटा चढू लागला. आधी अडतीसच्या थोडा पुढे, मग एकोणचाळीस. एप्रिल लागला, ऊन तापलं, काटा चाळीसवर आला. सर सकाळी शीळ घालू लागले. वरच्या खोलीत आम्हाला ती ऐकू येई आणि माझी बायको चुलीपाशी थांबून म्हणे, "आज वाढलं वाटतं."

सर दवाखान्यातून औषध घेऊन येताना मोसंबी आणत, रस काढत, चमच्याने पाजत. काकू दोन चमचे घेऊन मान फिरवत. सर म्हणत, "घे वं, तुझंच वजन वाढून राहिलं, माझं नाही." काकू हसत आणि तिसरा चमचा घेत.

एक दिवस माझी बायको खालून वर आली. मला म्हणाली, "काकूंच्या बांगड्या पाहिल्या का तुम्ही?" मी पाहिल्या नव्हत्या. पुरुष पाहत नाहीत. "त्यांनी बांगड्यांना मागून दोरा बांधलाय. मनगटावर धरून राहाव्यात म्हणून. मी पाहिलं तर म्हणाल्या, त्यायले बोलू नको पोरी."

खाटेसमोर काटा चढत होता आणि खाटेवर मनगटाला दोरा होता.

काट्याचं हे सरांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. खोलीत दाराजवळ थर्मामीटर होतं, ते त्यांनीच टांगलेलं. पलीकडच्या स्वयंपाकघरात टाकीच्या काट्याशेजारी त्यांच्याच अक्षरातला कागद होता. काकूंना गरगरत्या पंख्याखाली पाणी देताना ते दिवसातून वीसदा त्या कागदासमोरून जात. टाकीच्या काट्यातून एक घर वजा करत आणि खोलीत येऊन खाटेचा काटा आहे तसा वाचत. माणसाच्या डोक्यात अशा दोन खोल्या कशा असू शकतात याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

मेच्या मध्यावर काटा बेचाळीसला टेकला.

त्या संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर सर फाटकाशीच उभे. हातात संत्र्याच्या बर्फीचा पुडा. "घ्या, आधी तोंड गोड करा. उद्या दवाखान्यात नेतो. गाडी सांगून आलो." मग मला आत घेऊन गेले. काकूंना गारवा सोसणार नाही म्हणून त्या वर्षी खोलीत कूलर लावला नव्हता. सर म्हणाले, "आता अंग धरलंय तिने. आज लावू. बिचारीने अख्खा उन्हाळा भट्टीत काढला." आम्ही दोघांनी तो पेटारा उचलून खिडकीत बसवला. वाळ्याच्या ताट्या नव्या होत्या. पाणी भरलं, बटण दाबलं, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. काकूंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आहाहा. माहेरी आल्यासारखं वाटून राहिलं जी."

माझी बायको पन्हं घेऊन आली. आम्ही बसलो. सर आपल्या खुर्चीत, काट्यासमोर, शीळ घालत. कॉलेजातल्या गमती सांगत होते, मध्येच शीळ, मध्येच बर्फीचा तुकडा. तासभर तरी गेला असेल.

मग शीळ मध्येच थांबली.

मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग ते पाहत होते तिकडे पाहिलं. काटा चाळीसच्या खाली होता. आम्ही पाहत असतानाच तो आणखी खाली सरकत होता, इतका हळू की सरकताना दिसत नव्हता, पण सरकला होता हे कळत होतं.

सर उठले. खाली वाकून एकेक डबी पाहिली, तारा ओढून पाहिल्या, पट्ट्यांवर बोट फिरवलं. मग दाराजवळ गेले आणि थर्मामीटरसमोर उभे राहिले. कूलर लावताना ते एकेचाळीस दाखवत होतं, आता एकतीस. मी काट्याकडे पाहिलं, तो अडतीसवर आला होता. दहा डिग्रीला चार किलो. शेवटचं शून्य घेतलं तेव्हा खोलीत चोवीस-पंचवीस डिग्री असणार. एकतीस म्हणजे अजून सात डिग्री उरल्या. हिशेब अवघड नव्हता. मी तो केला, आणि थर्मामीटरकडे तोंड करून उभ्या असलेल्या सरांनीही केला असणार, कारण ते हळूच म्हणाले, "पस्तीस."

"काय झालं जी?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. वायर सैल आहे."

सरांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"वायर नाही सैल," काकू म्हणाल्या. त्यांनी डाव्या हाताने उजव्या मनगटावरचा दोरा ओढून सोडला आणि हात वर केला. हिरव्या बांगड्या खळकन कोपरापलीकडे गेल्या. "ह्या झाल्या."

सर पाहत राहिले. कूलरची घरघर चालू होती.

"कवापासून?"

"शिमग्यापासून."

"मंग मले सांगितलं काहून नाही वं?" हे ते ओरडले. त्यांचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं होतं.

"कवा सांगू? रोज सकाळी उठून तुमी काटा पाहून राहिले, आन् शीळ घालून राहिले. अख्ख्या जिंदगीत तुमाले धड शीळ घालता आली नाही. पन पडल्या पडल्या ऐकाले बरं वाटे मले." मग थोडा श्वास घेऊन म्हणाल्या, "उद्या मले कुठी नेऊ नका. उचलू नका मले आता."

"नाही नेत."

"गाडीवाल्याले सांगून या. बिचारा येऊन थांबन."

सर कूलरकडे वळले. मला वाटलं बंद करतात. काकू म्हणाल्या, "राहू द्या तो. गार वाटून राहिलं."

माझ्या बायकोने माझी बाही ओढली आणि आम्ही वर गेलो. पन्ह्याचे पेले तिथेच राहिले.

त्यानंतर कूलर बंद झाला नाही. सर त्यात दिवसभर पाणी घालत, वाळ्यावर शिंपडत. खुर्ची त्यांनी वळवून घेतली होती. आता ती काट्याकडे नाही, काकूंच्या तोंडाकडे होती. दोघं काय बोलत ते आम्हाला ऐकू येत नसे. एकदा मी वर्तमानपत्र द्यायला गेलो तर सर एक वाळलेली मिरची त्यांच्या कानाशी धरून हलवत होते आणि विचारत होते, "वाळली का?" काकूंनी डोळे न उघडता मान हलवली.

मृग लागण्याच्या आधीच काकू गेल्या. पाहुणे आले, गेले. भिवापूरचा भाऊ तेराव्यापर्यंत थांबला. जाताना त्याने सरांना म्हटलं, "भाऊजी, ती खाट काढून टाका. पाहवत नाही." सर बरं म्हणाले आणि खाट तिथेच राहिली.

ते कॉलेजात जात, शिकवत. साबणाच्या डब्या पोरांच्या हाती होत्या. भाडं द्यायला गेलो की विचारत, "घड्याळ किती पुढे?" मी सांगे. चहा ते स्वतः करत. टेबलावरच्या मोठ्या चुंबकाला केसांच्या दोन आकड्या चिकटलेल्या होत्या, त्या तोडायला संध्याकाळी कुणी येत नसे. शीळ आम्ही पुन्हा ऐकली नाही. त्या थंडीत एकदा मी खोलीत डोकावलो होतो. खाटेवर स्वच्छ चादर, समोर काटा, काटा बरोबर शून्यावर. सर टेबलाशी तारांना कथिलाचा डाग देत बसले होते, काट्याकडे त्यांची पाठ होती.

पुढच्या वर्षी आमच्या स्वतःच्या घराचं काम पुरं झालं. ते सांगायला मी मे महिन्यात एका रविवारी दुपारी खाली गेलो. दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि भट्टीत शिरल्यासारखं झालं. खिडक्या बंद. सर खुर्चीत बसले होते. बनियन घामाने अंगाला चिकटलेलं. खुर्ची पुन्हा काट्याकडे वळवलेली होती. खाटेवर तीच चादर, एक सुरकुती नाही. आणि रिकाम्या खाटेसमोर काटा सात किलोच्या जवळ उभा होता.

मी घराचं सांगितलं. त्यांनी कुठे, किती खोल्या, पाण्याचं काय, सगळं विचारलं. उत्तरं नीट ऐकली. माझी नजर काट्यावर गेली. मला राहवेना. हिशेब तपासणाऱ्याला चुकलेला आकडा समोर दिसला की हात शिवशिवतो.

"सर, शून्य फार सरकलंय. स्क्रू फिरवू का?"

"नको."

"पण काटा..."

"किती चूक आहे ते ठाऊक आहे मला," ते म्हणाले. काट्यावरून त्यांनी नजर काढली नाही. मग माझ्याशी नव्हे तर स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "असू द्या गा. दोन-अडीच महिनेच असते ती."

मी उठलो. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं. खिडकीत कूलर बसवलेला होता, त्याला त्या वर्षी नव्या वाळ्याच्या ताट्या लावलेल्या होत्या, पाणीही काठोकाठ भरलेलं होतं. बंद बटण सरांच्या हाताशीच होतं.